काढून ठेवलेला पट्टा

तीर्थरूप अप्पा,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तरी लिहितोय. इथे रक्तदाबावर संशोधन चाललंय. ज्यांच्या बापाला दाब होता अशी तरुण माणसं हवी होती, म्हणून मीही गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला. तो दर अर्ध्या तासाला आपोआप आवळतो आणि आकडा टिपून ठेवतो. काल दुपारी खाज सुटली, तेव्हा पट्टा काढून खोलीतल्या खुर्चीवर टाकला आणि नदीवर गेलो. पोहणं अजून जमत नाही, ते असो.

आज डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला. "दुपारभर दोनशे दहा? डोंगर उचलत होतास का रे?"

"पट्टा काढला होता, बाई."

"रिकामा पट्टा आकडा देत नाही, बाळा. कुणाच्या तरी दंडावर होता."

अप्पा, दोनशे दहा हा तुमचा शेवटचा आकडा. "मला काय धाड भरलीय?" म्हणत तुम्ही गोळ्या खिडकीतून फेकायचात.

उद्या पुन्हा मोजून माझी गोळी ठरणार आहे. मी पट्टा काढणार नाही. तुम्हीही कृपा करून हात पुढे करू नका. माझा स्वतःचा दाब किती, तेवढं मला कळू द्या.

तुमचाच,
भिंगरी