सातव्या कॅसेटची दुसरी बाजू

१२ ऑगस्ट १९९४, भैंसा
वनमालाची कॅसेट पोस्टाने आली. सुधाकरची ही थोरली हैदराबादला इंजिनिअरिंग शिकायला गेली आणि चौघांच्या बँडमध्ये ड्रम वाजवत बसली! चिठ्ठीत लिहिते — "आत्या, दोनशे काढल्या, एकोणीस खपल्या. एक तुला."
नाव 'रिमेंडर'. भागाकारातली बाकी. नाव बरं आहे. बाकी सगळा धांगडधिंगा. गाणारं कोणी नाही, गिटार सारखी ठेचकाळते. दहा मिनिटांत बंद केली.
कव्हरवर नाव आणि वाकड्या रेघा. काढून ट्रंकेत टाकलं आणि माझी चिठ्ठी चिकटवली. भजनी मंडळाच्या कॅसेट एक ते सहा. ही सात.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. आल्यावर तुरीची डाळ निवडताना पुन्हा लावली.
ठेचकाळत नाही! ठोके मोजले — सात, सात, सात, मग आठ. तीनदा तेच, त्याच जागी. एकच चूक तीनदा नेमकी करणाऱ्या मुलाला मी गणितात कधी चूक दिली नाही. त्याच्याजवळ रीत असते.

१६ ऑगस्ट
दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं — अकरा. तासभर मोजलं. वरण लागलं.

३ जानेवारी १९९५
चौकटींची वही आणली. एका ठोक्याला एक चौकट. ड्रम काळ्या शाईने, गिटार लाल. रोज चहानंतर एक पान. शेवटच्या पानावर किती वेळा ऐकलं त्याच्या खुणा.
शेजारच्या जयवंताबाई कुंपणावरून — "काऊन वो बाई, सकाळी सकाळी भांडे पडून राह्यले का तुमच्या घरी?"
"ड्रम आहेत."
"कोन वाजवते?"
"आमची वनमाला."
"मंग वाजू द्या. लगीन जमलं नाई तं नाई, पोरीचा हात तं बसला!"

२० जून १९९५
निवृत्त होऊन एक वर्ष झालं. लोक विचारतात, वेळ कसा जातो? अकरा-अकराने जातो, असं सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

११ नोव्हेंबर १९९६
वनमाला दिवाळीला आली. केस कापलेत. बँड मोडला, आता कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. जेवताना म्हणाली, "कोणी ऐकलंच नाही, आत्या. एवढी वर्षं फुकट."
मी म्हणाले, "नोकरी नीट कर."
वही कपाटात होती. चार हातांवर. काढली नाही. कौतुक केलं की मुलं सैलावतात, हे बत्तीस वर्षं धरून बसले. ती काही माझ्या वर्गात नव्हती.

३० जानेवारी १९९८
वसंत पंचमीसाठी बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाते आहे, तीन दिवस. मंडळाचा सप्ताह आहे म्हणून जयवंताबाई टेपरेकॉर्डर न्यायला आल्या. भरून घ्यायला कॅसेटही हवी होती. मी पिशवी भरत होते. "सहा झाल्या, पुढची घ्या," म्हटलं.

९ फेब्रुवारी
वनमालाचं पत्र. बंगलोरचा कोणी माणूस त्यांची कॅसेट पुन्हा काढायला तयार आहे. परदेशात अशा संगीताला आता 'मॅथ रॉक' म्हणतात म्हणे. गणिताचं रॉक! एकटीच हसले. पण स्टुडिओतली मूळ टेप न खपलेल्या कॅसेटसकट बुरशीने गेली, चौघांच्या कॅसेट झिजल्या, विकत घेणाऱ्यांचे पत्ते नाहीत. "तुझीच चांगली असणार. तू काही खराब होऊ देत नाहीस. रविवारी न्यायला येते."

१० फेब्रुवारी
जयवंताबाईंकडून टेपरेकॉर्डर आणि कॅसेट आणल्या. सात नंबर लावली. पहिली बाजू ठीक. दुसरीवर टाळ, ढोलकी आणि जयवंताबाई.
त्यांना विचारलं तर म्हणतात, "तुमीच तं म्हनल्या, सहा झाल्या, पुढची घ्या! एक बाजू वाजून संपली होती, मंग उलटी घातली. भोक होतं, त्याच्यात कापूस भरला."
पुसू नये म्हणून केलेलं ते भोक. कापसाच्या गावात कापसाने बुजवलं.
त्यांचं काय चुकलं? कॅसेटवर नाव नव्हतं. नाव मीच काढलं होतं. त्यांच्यावर आवाज चढवला, त्याची माफी मागून आले.

१३ फेब्रुवारी
वही तीनदा तपासली. ठोके सगळे आहेत. सूर मला लिहिता येत नाहीत.

१५ फेब्रुवारी
दारातच सांगितलं. पाणी द्यायच्या आधी.
वनमाला खाली बसली. मग म्हणाली, "लाव." अख्खं भजन ऐकलं. "ढोलकी चांगली आहे," एवढंच. मला रागावली असती तर सोपं गेलं असतं.
वही पुढ्यात ठेवली. बराच वेळ पानं उलटत राहिली. मग डाळीचं पातेलं पालथं घालून दोन लाटण्यांनी वाजवायला लागली. काळी शाई वाचून! लाल चौकटी आल्या की तोंडाने गिटार. सूर तिला आठवत होते, जागा आठवत नव्हत्या. जागा माझ्याकडे होत्या.
चौथ्या गाण्याला थांबली. "इथे तेरा काऊन? आम्ही बाराच वाजवायचो."
"पाचव्या फेरीला तेरा. दर वेळी."
"चुकलो असू."
"ती चूक आली की मी डाळ निवडायची थांबते, वने. गाण्यात सगळ्यात चांगलं तेच आहे."
तिने शेवटचं पान काढलं. खुणा मोजल्या. चारशे बारा.
"मला वाटलं एकोणीस जणांनी एकेकदा ऐकली असेल," म्हणाली. "दिवाळीला का नाही बोललीस, आत्या?"
चहा ठेवला.
कुंपणावरून जयवंताबाई — "आता तं खरंच भांडे वाजवून राह्यल्या!"

१६ फेब्रुवारी
वही आणि कॅसेट दोन्ही घेऊन गेली. सकाळी चहानंतर हातांना काम नाही.

२ मे १९९८
नवी कॅसेट आली. दुसरी बाजू चौघांनी वहीवरून पुन्हा वाजवली आहे. मोजले. तेरा आहेत. चिठ्ठीत एकच ओळ — "आत्या, नोकरी सोडली."
सुधाकर उद्या भांडायला येतो आहे. येऊ दे. कव्हर काढलं नाही.