चीजकेकची सुरी आणि टर्बियमचा चुंबक

क्राकूव, रविवार दुपार

प्रिय लुदोमिर,

अनेक आशीर्वाद (मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे, तेव्हा निमूट घे). गुडघा कसा आहे? सेंदाईत आपला आंबट काळा पाव मिळतो का, की अजून भातावरच दिवस काढतोयस? इकडे सगळं ठीक. आई अजून माझे हात हुंगल्याशिवाय मला घरात घेत नाही. सायनाइड हा शब्द तिने एकदा ऐकला, झालं! आमचं सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट धरून बसतं की कुणाच्या जिवावर उठायला त्याला फुरसतच नसते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

तर झालं असं. आपले विभागप्रमुख व्रोनासाहेब यांचा नामदिन होता (त्यांच्या नावाच्या संताचा सण, म्हणजे काम कमी, केक जास्त). त्याच दिवशी तुझ्या पद्धतीने लावलेली नळी तयार झाली. एका अंगाला लोहाचं सायनाइड, दुसऱ्या अंगाला टर्बियम धातूचा क्षार, मधे पाणी. महिनाभर टेबलाला धक्का लागू दिला नव्हता. पण मेले स्फटिक काचेलाच चिकटलेले! प्लॅस्टिकचा चमचा सापडेना. मी वैतागून चीजकेकची सुरी उचलली आणि खरवडले. (त्या सुरीने नंतर कुणी केक कापला नाही. ओरडू नकोस.)

चुंबकत्व मोजायच्या यंत्रात घातलं, तर खोलीच्या उबेत चुंबक! अरे, सायनाइडच्या पुलाच्या दोन टोकांना बसलेले लोखंड आणि टर्बियम हे दोघे. त्यात टर्बियम पक्का घुम्या, मनातलं आत दडवणारा (मी कुणाचं नाव घेत नाही), म्हणून एकमेकांची चाहूल लागायला त्यांना द्रव हेलियमची कडाक्याची थंडी लागते. आणि इथे तर खिडकीत ऊन पडलेलं! व्रोनांनी आलुबुखाऱ्याची दारू काढली आणि तुला तिथल्या तिथे मेल केला. "बोग्नाबाई, बघा आता कसा पळत येतो! उबेत टिकणारा चुंबक मिळाला तरच परतेन, म्हणाला होता ना शहाणा?" तासाभरात तुझं उत्तर आलं, तिकीट काढलं म्हणून. मी तुझं टेबल पुसलं, खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून घेतला आणि या वयात जिन्यात चक्क गाणं म्हटलं.

मग मंगळवारी काय अवदसा आठवली कोण जाणे, मी नळीजवळ साधा चुंबक नेला. सगळे स्फटिक ढिम्म. चार काळे कण तेवढे टुणकन काचेला चिकटले. सुरीचा चुरा! लुदोमिर, पोलादाच्या चुऱ्यासाठी रडणारी या विभागात मी पहिलीच असेन. व्रोना एवढंच म्हणाले, "सुरी मात्र चांगली निघाली. लुदोमिरला तुम्हीच कळवा."

म्हणून कळवते. चुरा काढून पुन्हा मोजलं; आपला चुंबक पूर्वीसारखाच, कडाक्याच्या थंडीत जरासा जागा होतो आणि ऊब लागली की सगळं विसरतो. तुझी अट पुरी झालेली नाही. तू नसताना इथे मला अजिबात करमत नाही, हेही एकदा लिहूनच टाकते; पण तो काही शास्त्रीय निष्कर्ष नव्हे.

तुझी,
बोग्ना

ता. क. मेलने हे क्षणात कळवता आलं असतं, कबूल. पण असल्या गोष्टी हातानेच लिहाव्यात.

ता. क. (दुसरा, सोमवारी पोस्टातच लिहिलेला) इथली बाई म्हणाली, साध्या टपालाला जपानपर्यंत तीन आठवडे लागतील, घाई असेल तर जलद पाठवा. मी म्हटलं, छे, घाई कसली! तुझं विमान येत्या शुक्रवारी आहे ना?