नवमीला पूजेत ठेवलेली बरणी

देवास,
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप सुभद्राआत्यांच्या पायांवर तरुणचे डोके.

इकडे सर्व ठीक आहे. आईचा खोकला उतरला. बाबा उद्या धारला येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे. मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. शिखा हिंदी शाळेत शिकली, तिला हे भरभर वाचता येणार नाही. आधी तुम्ही एकटीनेच वाचा.

तिच्या गुडघ्याची सूज कशी आहे? झोप लागते का?

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एकदा हाडाचा तुकडा काढून नेला, आता पुन्हा मागतात. माझी पोर काय प्रयोगाचा उंदीर आहे?" मी नुसतं "हं" म्हणालो. अमझेऱ्याच्या लेपवाल्याकडे नेते, बाकी दिवाळीनंतर बघू, असं म्हणालात, तेव्हाही "हं".

आत्या, धारच्या डॉक्टरांचा तो अभ्यास वाईट नाही. पाय न कापता फक्त रोगट हाड काढायचं, तिथे धातूचा सांधा बसवायचा आणि असे रुग्ण पुढे कसे चालतात ते काही वर्षं बघायचं. पण गाठ कोणती आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर स्पष्ट दिसल्याशिवाय ते कुणाला त्यात घेत नाहीत. शिखाच्या रिपोर्टमध्ये "पेशी नीट दिसत नाहीत" असं आलं. तुम्हाला वाटतं, त्यांनी तुकडा चुकीच्या जागेवरून काढला. तसं नाही. तुकडा चांगला होता.

तो आमच्याच लॅबमध्ये आला होता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

काचपट्टीसाठी हाडाचा पातळ काप सरळ निघत नाही, म्हणून आधी आम्लात मऊ करतात. मधून मधून सुई टोचून बघायचं आणि मऊ झालं की लगेच काढायचं. जास्त राहिलं तर पेशींवर रंग चढत नाही. हे काम माझं. नवमीला आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम सुट्टीवर होत्या. मी आपल्या घरच्यासारखी शस्त्रपूजा मांडली. सुरी, चिमटे, पाती ठेवली. शेजारच्या आम्लाच्या बरणीवर शिखाचं नाव होतं. मला राहवलं नाही. तीही पूजेत ठेवली, झाकणाला कुंकू लावलं, तिचा पाय वाचू दे म्हणून हात जोडले. पूजेतलं काही दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही आपल्याकडची रीत.

बरोबर काम करणारा शालिग्राम हसला. "क्यों भिया, हड्डी को भी छुट्टी दे दी?"

मी म्हटलं, हात लावू नको.

"अरे, पूजा तो औज़ारों की है। हड्डी गल जाएगी, फिर मैडम तेरी आरती उतारेंगी।"

मी ऐकलं नाही. दसऱ्याला सुई लोण्यात जावी तशी आत गेली. मला तेव्हाच कळलं. मॅडम काचपट्टी पुन्हा पुन्हा बघत होत्या आणि मी बाजूला बाटल्या धूत होतो.

काल त्यांना सांगितलं. त्यांनी शिखाचा रिपोर्ट पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "उसी दिन बता देते तो बच्ची के इतने दिन खराब नहीं होते।" गाठ वाढत गेली तर पाय वाचवणं कठीण होईल, असंही म्हणाल्या. त्यांनी धारला फोन केला आहे. डॉक्टरांनी परवा, गुरुवारी सकाळी बोलावलं आहे.

आत्या, तिला घेऊन जा. दिवाळीची वाट बघू नका. लेप लावू नका, गुडघा चोळू देऊ नका. या वेळचा तुकडा शालिग्राम सांभाळेल, मी बरणीला शिवणार नाही. शिखा विचारेल, पुन्हा का टोचतात. तिला माझं नाव सांगा. डॉक्टरांचं सांगू नका.

बाबांना अजून काही माहीत नाही. नंतर त्यांच्यासमोर पत्र वाचलंत तरी माझी हरकत नाही.

यापुढे भाचा म्हणायचं की नाही, ते तुमच्यावर सोपवून,
तरुण