अठरा मिनिटांची शिदोरी

दिब्बा, १२ नोव्हेंबर १९६४

खतीजाआपा, धाकट्या कुलसुमचा सलाम घ्या. तुमचे गुडघे आणि तुमच्या कोंबड्या बऱ्या आहेत असं धरून चालते (दोन्ही कुरकुरत असतील तर आधी गुडघे शेका). मी विमानात बसले, आपा. हसू नका.

आमच्या रास अल खैमाहून दिब्बा म्हणजे नकाशावर माझ्या करंगळीचं एक पेर (माझ्या लेकीच्या, अजराच्या बावांचाच नकाशा, ज्यावर अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले). पण मधे डोंगर. गाढवावरून दोन दिवस, लाँचने भूशिराला वळसा घालून तेवढेच. त्याच वळशाला पाच वर्षांपूर्वी अजराचे बावा लाँचसकट बुडाले. तेव्हापासून मी समुद्रात पाऊल घातलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून तय्यब जावयाची चिठ्ठी आली, 'अम्मी, अजराचे दिवस भरले, दाई आजारी, लगेच या,' तेव्हा मी गाढवाचेच दोन दिवस बोटांवर मोजू लागले. चिठ्ठी आणली होती दवाखान्याच्या विमानाच्या गोऱ्या वैमानिकाने. दुसऱ्या सकाळी औषधं घेऊन तो परत तिकडेच निघणार होता आणि एक जागा रिकामी होती. अठरा मिनिटं लागतात म्हणाला.

शेजारच्या हलिमाला ते पटेना. "दिब्ब्याला जाणारा दोन दिवसांची शिदोरी नेतो. वरून गेलं म्हणून काय भूक लागत नाही?" मलाही ते पटलं. चौदा भाकऱ्या, सुकट, लोणचं, पाण्याची कळशी, वळकटी. लांबच्या प्रवासाआधी करतो तशी सगळ्या बायकांकडून चुकल्यामाकल्याची माफीही मागून घेतली (लोणच्याची बरणी आपणच फोडली, हे हलिमाने तेव्हा कबूल केलं). विमानाच्या मैदानावर हमदुल्ला कारकुनाने मला सामानासकट खजूर तोलायच्या काट्यावर उभं केलं आणि वजन मोठ्याने पुकारलं.

"अरे, मी काय सुरमई आहे?"

"चाची, वजन जास्ती है. या तो कळशी रहेगी, या आप. यल्ला, जल्दी चलो!"

कळशी राहिली.

आपा, काय ते यंत्र आणि काय तो माणूस! शिलाई मशीनसारखं ते थरथरत होतं आणि तो शीळ घालत होता. ज्या वाटेवर माणसांच्या वहाणा झिजल्या ती खाली दोऱ्याएवढी. मी सगळं पाहिलं. डावीकडे दूरवर ते भूशीरही दिसलं. पाणी निळं, अगदी गप्प. मी मान वळवली नाही. मग सोबत्याला आधी घास द्यावा म्हणून शिदोरी सोडायला घेतली. हलिमाने मारलेली गाठ! दातांनी ओढत होते तोवर वैमानिकाने खाली बोट दाखवलं. दिब्बा आलं होतं.

भाकऱ्या दवाखान्यातल्या सगळ्यांना पुरल्या. संध्याकाळी अजराला मुलगी झाली, माझ्याच हातांवर. दोघी खुशाल आहेत.

तुमची
कुलसुम

ता. क. सगळं पाहिलं असं वर लिहिलंय. खरं तर अठरांतली अकरा मिनिटं डोळे मिटलेले होते. समुद्र मात्र उघड्या डोळ्यांनी पाहिला.

आणखी एक. घरी कधी येतेस, हे तुम्ही दर पत्रात विचारता. रत्नागिरीला विमान जात नाही, मी वैमानिकाला विचारलं. तेव्हा अजराचे चाळीस दिवस झाले की बोटीनेच येते. मुंबईच्या धक्क्यावर तुमच्या खैरुद्दीनला एकट्याला पाठवू नका. तो सामान धरेल, पण माझा हात धरायला तुम्ही या. शिदोरी आणलीत तर गाठ सैल बांधा.