साडेअकराचं जेवण

ट्रिएस्टे (इटली), समुद्रासमोरचं टेबल

चि. झ्देन्का हिला थोरल्या बहिणीचे, म्हणजे द्राहोमिराचे, उपाशीपोटी आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? माझ्या कोंबड्या अंडी देताहेत ना? मी खुशाल आहे आणि इथून हलणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या सहलीचे म्होरके ओताकर मास्तर (शाळा सुटून जमाना झाला, पण माणसं मोजायची खोड काही सुटत नाही) मला दोनदा उठवायला येऊन गेले. एक वाजता आपल्या गावाकडे बस सुटणार आहे. सुटू दे.

झालं असं, आज सुट्टीचा शेवटचा दिवस, म्हणून सकाळी सगळ्यांना शहर बघायला मोकळं सोडलं. मी टेकडीवरचा किल्ला बघितला, चर्च बघितलं, वाऱ्याने नेलेली माझी टोपी कालव्यात तरंगताना बघितली. मग भूक लागली. भुकेची सोय नणंदबाईंनी, म्हणजे यार्मिलाने, कालच करून ठेवलेली. खोलीतल्या शेगडीवर सगळ्यांसाठी श्निट्झेलं, म्हणजे आपले मांसाचे काप, तळली, पावात घातली, कागदात गुंडाळली. आपण झेक माणसं जगाच्या टोकाला गेलो तरी घरचंच तळलेलं खाणार, तेही बसशेजारच्या बाकावर. माझा बोहुश दर वर्षी मला इथे आणायचा, शेवटच्या दिवशी याच हॉटेलासमोर उभं करायचा, दारावरची पदार्थांची आणि दरांची पाटी मोठ्याने वाचायचा (माशापाशी आला की आवाज हळू व्हायचा) आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी, द्राहा." मग बाक आणि श्निट्झेल. आता बोहुशच राहिला नाही. मी आयुष्यात फार काही मागितलं नाही गं, पण एकदा या पांढऱ्या टेबलक्लॉथपाशी बसून मासा खायचाय. पुढचं वर्ष कुणी बघितलंय?

नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, दादाला हे आवडलं नसतं हं."

मी म्हटलं, "वन्सं, त्यालाच विचारून या." आणि सरळ येऊन बसले, दोघांसाठी मांडलेल्या टेबलाशी.

बसले ती साडेअकराला. आपल्याकडे त्या वेळी सूप पानात असतं आणि बाराला भांडी धुऊन होतात. इथला मिशीवाला वेटर गालात हसला आणि घड्याळ दाखवून म्हणाला, स्वयंपाकघर साडेबाराला सुरू होतं. साडेअकराला ही माणसं सकाळची कॉफी पितात म्हणे! कशी जगतात देव जाणे. मी म्हटलं, थांबते. त्याने पाणी आणि बशीत चार ऑलिव्ह आणून ठेवली. (ऑलिव्ह ही काय भूक भागवायची वस्तू आहे?) समोरच्या बाकावर सगळी मंडळी माझ्याकडे बघत जेवताहेत आणि मेला वारा तो वास नेमका इकडेच आणतोय. मास्तर घड्याळ नाचवून गेले. आमच्या बसमध्ये पेटी वाजवतात त्यांची बायको लोणच्यातली काकडी घेऊन आली, तिलाही परत पाठवलं. शेवटी नणंदबाई स्वतः आल्या, उभ्या राहिल्या, गेल्या. मी मान वर केली नाही. आजवर पुष्कळ बाकांवर बसले, आज बसणार नाही.

तुझी ताई (अजून उपाशी)

ता. क. मासा आला. डोक्यासकट आहे आणि माझ्याकडेच बघतोय. नुसते काटे. आणि वरचं "उपाशी" खोड. मघाशी नणंदबाई माझ्या मांडीवर एक पुडकं टाकून गेल्या. टेबलक्लॉथ चांगला लांब आहे. जास्त विचारू नकोस.

दुसरा ता. क. मला ओढून न्यायला आलेल्या नणंदबाई समोरच्या खुर्चीत बसल्या आहेत. माशाकडे बघून म्हणाल्या, "दादा हळू आवाजात वाचायचा, तो हाच का?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो, भर दुपारी, लोकांसमोर. आता त्या काटे काढून माझ्या ताटात घालताहेत. बस हॉर्न वाजवतेय. कुणीही उठत नाही.

तिसरा ता. क., आणि खरं काम हेच. ड्रायव्हर आमच्या बॅगा बसमधून उतरवून या पत्रासाठी खोळंबलाय. माझ्या कोंबड्यांना आणि नणंदबाईंच्या मांजराला अजून काही दिवस सांभाळ. उरलेली श्निट्झेलं ड्रायव्हरबरोबर पाठवते, मिळाली की लगेच खा. परत कधी येणार ते ठरलेलं नाही. नणंदबाईंनी आत्ताच संध्याकाळच्या जेवणासाठी हेच टेबल राखून ठेवायला सांगितलं. साडेपाचला. वेटर पुन्हा हसतोय.