शेवंतीचा निरोप

१० जानेवारी १९५५, सोमवार

पोहोचले एकदाची. बेळगावहून निघून आज तिसरा दिवस. दौंडला मोठी गाडी सोडली आणि बारामतीच्या छोट्या गाडीत बसले. ती इतकी हळू चालते की एक म्हातारा मधेच उतरला, बोरं वेचली आणि पुन्हा चढला. बारामतीहून कळंबपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. दुतर्फा ऊस. आमच्याकडे नजर समुद्रावर जाऊन थांबते, इथं उसावर.

निरवांगीच्या अलीकडे, पाटाच्या काठी ही वस्ती. दवाखाना म्हणजे तीन खोल्या: पुढची तपासायची, मधली माझी, मागची कुलूपबंद. तिच्यात जुनं सामान आहे म्हणतात. जागा आप्पासाहेब नावाच्या बागायतदारांची. शिपाई कुंडलिक, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं पाणी भरून ठेवलं होतं, चूल पेटवून दिली होती.

पोर्तुगीज हद्द ओलांडताना शिपायानं पास उलटसुलट करून पाहिला आणि परदेशात कशाला जातेस, असं विचारलं. मी बाळंतपणं करायला म्हटलं. तो हसला. आई मात्र हसली नव्हती. सत्ताविशीच्या अविवाहित मुलीनं परमुलखात एकटीनं राहायचं, हे तिच्या गळी उतरत नाही. आईला लिहायचं आहे की खोली चांगली आहे, माणसं चांगली आहेत. माणसं अजून पाहायची आहेत, पण लिहीन तसंच.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आप्पासाहेबांच्या पत्नी ठमाबाई स्वतः बोलवायला आल्या. पंचेचाळिशीच्या, अंगानं भक्कम, आवाज पाटापलीकडे जाईल असा. मला पाटावर बसवून त्यांनी हळदीकुंकू लावलं, माझं नाव विचारलं. कमळावती केरकर सांगितल्यावर एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार म्हणाल्या आणि मी कमळाबाई झाले.

तिथं आणखी दोघी भेटल्या. रंगूबाईंचा वांग्याचा मळा आहे. दर गुरुवारी बारामतीच्या बाजाराला माल घेऊन जातात आणि तिथल्या साऱ्या गोष्टी घेऊन परत येतात. दुसरी सारजा, माझ्याच वयाची, ठमाबाईंची धाकटी जाऊ. ती फारसं बोलली नाही, पण निघताना माझ्या पदरात तिळगुळाबरोबर गुळाचा एक मोठा खडा टाकला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

महिना झाला. सात बाळंतपणं, सातही सुखरूप. दुपारी काम नसलं की तिघी येतात. ठमाबाई भाकरी थापायला शिकवतात, माझी फाटते, त्या हसतात. मी त्यांना सुंगटांच्या हुमणाची, म्हणजे कोळंबीच्या आमटीची, गोष्ट सांगितली तर रंगूबाईंनी नाकाला पदर लावला. माझ्या बोलण्यात कधी घरची बोली येते. मी परवा 'उदक' म्हटलं, पाणी म्हणायचं होतं. ठमाबाईंनी लगेच विषय बदलला.

माझ्या आधी इथं कोण होतं, ते विचारलं. तीही गोव्याकडचीच, बेळगावच्याच नर्सिंगच्या वर्गातली. रंगूबाई म्हणाल्या, ती गेली तिच्या मुलखाला. सारजा उठून बाहेर गेली.

आईचं पत्र नाही. हद्दीवर कडक झालं आहे म्हणतात.

६ मार्च, रविवार

आज कोण आलं असेल! भर दुपारी, बाहेर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मागच्या ओट्यावरून कुणी हाक मारली. "तूं खंयची गो?" मी हातातली सुई टाकून धावले. आपल्या बोलीत 'कुठली गं तू' असं कुणी विचारलेलं ऐकून दोन महिने झाले होते.

तिशीची बाई, आमच्याकडच्यासारखं नेसलेली, केसांत सुकलेली आबोली. नाव शेवंती. माझ्या आधीची नर्स हीच. मी विचारलं, तू गावी गेली होतीस ना? तर म्हणाली, जायचं होतं, राहून गेलं. कुठं राहतेस, तर जवळच. पाणी मागितलं. तांब्याभर दिलं, तिनं घटघट प्यायलं, पुन्हा मागितलं. पाच तांबे झाले. मग आम्ही पेजेबद्दल बोललो, शिगम्याबद्दल, पावसात गळणाऱ्या कौलांबद्दल. मला रडू आलं.

ती गेल्यावर पाहिलं तर ती बसली होती तिथं ओटा भिजलेला. तांब्या सांडला असेल.

१३ मार्च

शेवंती आली. पुन्हा रविवार, पुन्हा भर उन्हात. आज माझ्या मैत्रिणींची चौकशी करत होती. ठमाबाईंचे गुडघे अजून दुखतात का, रंगूबाईंची म्हैस व्याली का. म्हणाली, माझ्याही त्या मैत्रिणी, एका ताटात जेवलोय. मी म्हटलं, मग भेटायला का जात नाहीस? ती म्हणाली, बोलावल्याशिवाय कशी जाऊ? तू निरोप दे. "रंगूक सांग, शेवंतेन विचारलां."

ती पाणी पिताना आज मी नीट पाहिलं. पाणी तोंडात जात होतं. आणि साडीखालून ओट्यावर येत होतं.

ऊन फार आहे. डोळ्यांना काहीही दिसतं.

१५ मार्च

मळ्यात जाऊन रंगूबाईंना निरोप दिला. त्यांच्या हातून वांग्यांची पाटी पडली. मला वाटलं, जुन्या मैत्रिणीच्या आठवणीनं. त्यांनी दोनदा विचारलं, कोण म्हणालात? मी दोनदा सांगितलं.

१८ मार्च

रंगूबाई गेल्या. परवापासून पाणी गिळता येत नव्हतं. मला बोलावलं तेव्हा जीभ काळी पडली होती. घशात गाठ नाही, सूज नाही, ताप नाही. चमच्यानं पाणी सोडलं की तसंच ओठांवरून बाहेर. कुत्रं चावलं होतं का विचारलं, नाही म्हणाले. इंदापूरचा डॉक्टर पोहोचेपर्यंत संपलं. शेवटपर्यंत त्या माझ्याकडे पाहत होत्या. मदतीसाठी नव्हे. मला भिऊन.

२० मार्च

आली होती. मी पुढचं दार लावून बसले, तर मागच्या ओट्यावर हसण्याचा आवाज. म्हणाली, निरोप पोचला गो, देव बरें करूं. आता ठमाबाईंना सांग.

मी तिला विचारलं, तू राहतेस कुठं? तिनं मागच्या कुलूपबंद खोलीकडे बोट दाखवलं.

२१ मार्च

कुंडलिकला धरून बसवलं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "बाई, ती कुठं गेली न्हाय. हितंच गेली."

गेल्या वैशाखात वस्तीत पटकी आली होती. शेवंतीनं अकरा माणसं वाचवली. त्यात रंगूबाईंचा मुलगा, ठमाबाई स्वतः. मग तिलाच लागण झाली. आपल्याला पुन्हा होईल या भीतीनं ठमाबाईंनी तिला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. रंगूबाई दारापाशी राखणीला बसल्या. कुंडलिकला इंदापूरला डॉक्टर आणायला पाठवलं होतं. तो तिसऱ्या दिवशी परतला तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला नखांच्या खुणा होत्या. पाटाकाठी जाळली आणि बेळगावला कळवलं, बाई न सांगता निघून गेली.

अडीच दिवस ती पाणी मागत होती. दहा पावलांवर पाट वाहतो.

मी विचारलं, कुणीच दिलं नाही? तो म्हणाला, ते मला ठावं न्हाय, मी हितं नव्हतो.

२३ मार्च

ठमाबाईंकडे गेले. सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. घरात लहान नातवंडं होती म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती उदक उदक करत हुती. आमाला तिची बोली कुठं कळती?"

श्राद्धाला उदक सोडतात. इथल्या शेंबड्या पोरालाही तो शब्द कळतो.

त्यांच्या हातचा चहा तसाच ठेवून आले. वाटेत जवळजवळ धावत सुटले. आधी वाटलं भीतीनं. भीती नव्हती ती.

२ एप्रिल

दहा दिवस झोप नाही. मला ताप आला तर याच बाया माझ्यासाठी काय करतील, तेवढंच डोक्यात. माझी भाकरी फाटली की हसणाऱ्या. हळदीकुंकू लावणाऱ्या. तिलाही लावलं असेल. तिलाही नाव आखूड करून दिलं असेल.

मी निरोप नाही दिला तर ठमाबाई जगतील. नातवंडांत म्हाताऱ्या होतील. हे मला माहीत आहे. मुद्दाम लिहून ठेवते, की मला माहीत होतं.

३ एप्रिल

दिला.

ठमाबाई अंगणात गहू पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, शेवंतीनं विचारलंय. त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाई, तुमी आमच्या घरचं खाल्लंय," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, तिनंही खाल्लं होतं.

६ एप्रिल

ठमाबाई पहाटे गेल्या. मी गेले नाही. आप्पासाहेबांनी दोनदा माणूस पाठवला. अंग दुखतंय म्हणून सांगितलं.

जेवण गोड लागलं. हेही लिहून ठेवते.

१७ एप्रिल

शेवंती रोज येते आता, दुपारी बारा वाजले की. रविवार लागत नाही. मी दोन ताटं वाढते. ती जेवत नाही, पाणी तेवढं पिते. कुंडलिक काम सोडून गेला. बाया तपासायला येत नाहीत. वस्तीतले लोक मला पाहून वाट बदलतात.

तिसरा निरोप ती अजून सांगत नाही. मी विचारते, सारजाचं काय? ती ऐकलं न ऐकलं करते. सारजाही त्याच घरची. ती काय त्या अडीच दिवसांत कानांत बोटं घालून बसली होती?

२७ एप्रिल

आज सारजा आली. ऊन असं की पत्रा तडतडत होता. पाचवा महिना आहे तिला, लग्नानंतर नऊ वर्षांनी. मीच तपासून सांगितलं होतं, तेव्हा माझे हात धरून रडली होती. उसातून एकटी, लपत आली असणार. दार वाजवलं. म्हणाली, घरच्यांनी कोंडून ठेवलं होतं, रक्त जातंय, तपासा. मग म्हणाली, "बाई, घोटभर पाणी द्या."

पाणी.

मी आतून कडी घातली. दाराला पाठ लावून बसले. म्हटलं, तुझी बोली मला कळत नाही.

ती बराच वेळ वाजवत होती. मग नुसते हात फिरवत होती दारावर. मग काही नाही.

२८ एप्रिल

सारजा पाटाच्या भरावावर सापडली. पाण्यापासून हातभर अलीकडे. ऊन लागून, रक्त जाऊन. दोघं.

निरोप नव्हता तिला. तिला कुणीच— ती मी—

२९ एप्रिल

शेवंती आली. ओट्यावर बसली नाही. उभी राहिली. मी पाणी पुढं केलं, घेतलं नाही.

तिनं सांगितलं. रंगूबाईचा डोळा लागला की सारजा मागच्या खिडकीशी येई. ओली चिंधी गजांतून आत. दोन दिवस. मग नवऱ्यानं पाहिलं आणि लाथांनी तुडवली. तेव्हाही पोटात मूल होतं, ते गेलं. मला कधी बोलली नाही ती.

"तिणेंच दिल्लें म्हाका उदक," शेवंती म्हणाली. "आनी तुवें?"

मी पाया पडायला वाकले. तिथं नुसती ओल होती.

३० एप्रिल

सकाळपासून घोट उतरत नाही. आरशात घसा पाहिला. गाठ नाही, सूज नाही.

बेळगावला जाते. पहाटेच ट्रंक भरली होती. दार—

दार बाहेरून लावलंय. लोकांचे आवाज आहेत. आप्पासाहेब म्हणतात, हिच्यामुळंच रोगराई, डॉक्टर येईस्तोवर कुणी उघडायचं न्हाय. ओरडून सांगितलं, मला रोग नाही. आवाज घरच्या बोलीतच निघतो. मराठी आठवत नाही तोंडाला. लिहिता येतंय फक्त.

१ मे

मधली खोली आणि मागची— मधलं दार उघडंच आहे. कुलूप खाली पडलंय. मी काढलं नाही.

जीभ जड. माठ भरलेला, समोर. ओतते, सगळं बाहेर. पदर चिंब.

बाहेर राखणीला कुणीतरी बसलंय. खोकला ऐकू येतो. उठत नाही.

२ मे, दुपार

मागच्या खिडकीत सारजा. गजांतून हात आत. हातात ओली चिंधी, थेंब पडताहेत. मला वाटलं, हिच्या हातचं उतरेल. सरपटत गेले. तोंड उघडून वर केलं—

तिनं मागं पाहिलं. मागं शेवंती. काही बोलल्या दोघी, हळू, मैत्रिणी बोलतात तसं.

चिंधी मागं घेतली.

आता खिडकीच्या फळ्या ओढताहेत. दोघी. एक लागली. उजेड एवढासाच, चार बोटं, लिहिण्यापुरता— सारजा, मी तुला— दुसरी फळी पण