सगळे उठले आणि मी बसून राहिलो, त्याची हकिकत

खडकी, पुणे
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

ख्रिस्तात प्रिय मार्थाताई यांना,

हिंमतरावाचा दोन्ही हात जोडून सलाम. इकडे प्रभूच्या कृपेनं ठीक आहे, नगरला तुम्हा सर्वांचंही तसंच असावं ही प्रार्थना. तुमचा गुडघा कसा आहे? (माझा विचारू नका. माझ्या गुडघ्याची चौकशी अख्ख्या चर्चनं करून झाली आहे, का ते पुढे येईलच.) फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून पत्र. आधीच सांगून ठेवतो, घाबरू नका, मी जिवंत आहे. भानगड आहे ती मेल्यानंतरची.

त्याचं असं झालं. मागच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये रेव्हरंड अभय नावाचे पाहुणे उपदेशक आले होते. वयानं आपल्या तनयापेक्षा लहान. (पोरगी कॅनडात मजेत आहे. न चुकता फोन करते, पण माझ्याकडे रविवार उजाडतो तेव्हा तिचा शनिवारच चाललेला असतो, त्यामुळे माझ्या रविवारची तिला कल्पना येत नाही.) माणूस लाघवी, आवाज खणखणीत. उपदेशाच्या शेवटी त्यांनी एकदम सांगितलं की ज्यांना आपल्या तारणाची, मेल्यावर प्रभूकडेच जाणार याची, पक्की खात्री आहे त्यांनी उभं राहावं. झालं! सगळं चर्च उठलं. पेटी वाजवणारे उठले. मागच्या बाकावरची बाळंतीण बाळासकट उठली. आमचे तात्याराव उठले, ज्यांनी जन्मात एक उपदेश डोळे उघडे ठेवून ऐकलेला नाही. बसलेला मी एकटा. चहूकडे नुसत्या पाठी दिसत होत्या.

तुम्ही म्हणाल, उठायला काय झालं होतं? अहो ताई, उठायचं कधी असतं ते मला कुठे माहीत आहे! लग्न झाल्यापासून तुमची धाकटी बहीण माझ्या डाव्या हाताला बसायची आणि गीत असो, प्रार्थना असो, आशीर्वाद असो, वेळ झाली की कोपरानं ढोसायची. (कोपर तुमच्या माहेरचं, त्याची धार तुम्हाला ठाऊक आहे.) ललिता गेल्यापासून मी पुढच्यांचं बघून उठतो. पण त्या दिवशी प्रश्न ऐकला आणि विचार करत बसलो. चर्चमध्ये विचार करायला लागलेला माणूस मागे पडतो, तसा मी पडलो. बरं, सगळे खाली बसायला लागल्यावर उठणं म्हणजे आणखी शोभा!

उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी माझा हात मयताच्या घरी धरतात तसा धरला. कोणी म्हणालं, गुडघ्यामुळे असेल. मी सरळ माणूस, म्हणालो, गुडघा ठणठणीत आहे. तिथंच फसलो.

दुसऱ्या दिवसापासून माझं तारण करायला माणसं यायला लागली. महिला मंडळ आलं ते कोंबडीचा रस्सा घेऊन. (ललिताच्या रश्श्याची सर नाही, पण आत्म्याचा विषय चाललेला असताना खोबरं कमी पडलंय हे कोणत्या तोंडानं सांगणार?) शेफाली आणि तिची तरुण मंडळी गिटार घेऊन येतात, गाणी म्हणतात, जाताना ती विचारते, "अंकल, आता कन्फर्म समजू?" मी म्हणतो, "वेटिंग आहे बाळा, पण पुढे सरकतंय." ती बिचारी डोळे मिटून पुन्हा प्रार्थना करते, आणि परत येण्याचा दिवस ठरवूनच जाते.

तात्याराव तर रोज. फॅक्टरीत आम्ही एकाच खात्यात होतो, त्यामुळे माझ्यावर ओरडायचा हक्क त्यांना पहिल्यापासून आहे. "इतकी वर्षं बायबल वाचलंत ते काय चष्म्याचा नंबर काढायला?" असं रोज सुनावतात. परवा संध्याकाळी मात्र बाकीचे गेल्यावर तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "हिंमतराव, सगळे उठले म्हणून मी उठलो हो. खात्री कसली? छातीत जरा कळ आली तरी रात्रभर दिवा चालू ठेवतो मी." मी चहा टाकला. धीर कोणी कोणाला द्यायचा तेच कळेना. निघताना दारात म्हणाले, "पाळकांना बोलू नका. नाहीतर माझ्याकडेही येतील." मी म्हणालो, "येऊ द्या की, तात्याराव. बरं वाटतं."

तोंडातून निघून गेलं, ताई, पण खरं तेच आहे. ललिता गेली तेव्हा माणसं आली, डबे आले, मग जो तो आपापल्या कामाला लागला. त्यांचं काही चुकलं नाही. पण नंतर माझी बेल वाजवायचा तो फक्त सिलिंडरवाला, आणि त्याचाही मजला चुकलेला असायचा. घर दोनच खोल्यांचं आहे, पण फार मोठं वाटतं हो.

आणि खात्रीचं म्हणाल तर ती मला आहे. स्वतःची नाही, धरणाऱ्याची आहे. खडकी बाजारात रस्ता ओलांडताना ललिता माझी बाही धरायची. पलीकडे पोचू असं मला एकदाही वाटलेलं नाही, पण तिनं बाही कधी सोडली नाही आणि मी दर वेळी पोचलो. प्रभूचंही तसंच आहे असं मी मानतो. पण हे मोठ्यानं बोललो की संपलं! शेफाली गिटार दुसऱ्या कोणाकडे नेईल, रस्सा बंद, बेल बंद. म्हणून गप्प बसतो. आता रात्रंदिवस एकच भीती: देवाच्याच विषयावर, रश्श्याच्या भांड्यासाठी, त्याच्याच लेकरांशी खोटं वागतो आहे, आणि होतं ते तारण यापायीच गेलं तर? येत्या रविवारी रेव्हरंड अभय पुन्हा येत आहेत. तोच प्रश्न विचारणार आहेत आणि सगळं चर्च माझ्या बाकाकडे बघणार आहे.

घरातल्या लहानमोठ्यांना आशीर्वाद आणि सलाम.

आपला, अजून बसलेला,
हिंमतराव

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. शनिवारी एसटीनं या, मी स्टँडवर घ्यायला येतो. रविवारी माझ्या डाव्या हाताला बसा. ती जागा मी कोणाला देत नाही, तिथं ललिताचं बायबल ठेवतो, ते मांडीवर घेईन. प्रश्न विचारला की कोपरानं ढोसा. हयगय करू नका, तिच्याएवढाच जोर लावा, म्हणजे मला ओळखू येईल.

ता. ता. क. उजवीकडे तात्याराव बसणार आहेत. तुम्ही मला ढोसलंत की मी त्यांना ढोसायचं, असं ठरलं आहे.

आणखी एक. परतीचं तिकीट काढून येऊ नका. उठलेल्या माणसाकडे सोमवारी कोणी येत नाही.